डिअर सुलताना

"मॅडम, आमी डाळिंबं इकतो का?"

रज्जाकभाई बागवान प्रिंटआउट माझ्या टेबलावर आपटून उभे होते. ही तिसरी. पहिल्या दोन त्यांनी हसण्यावारी नेल्या होत्या. ही ईमेल चितगावहून आली होती. तिथल्या एका व्यापाऱ्याला आमची वेबसाइट फार आवडली होती आणि त्याला कंटेनरभर ताजी डाळिंबं हवी होती. दाणे लालभडक पाहिजेत, असंही त्यानं बजावून लिहिलं होतं.

रज्जाकभाईंचा धंदा बेदाण्याचा. सांगलीच्या मार्केट यार्डात गाळा, गावाबाहेर निवडणीची शेड आणि कोल्ड स्टोरेजमध्ये गेल्या हंगामाचा हिरवा बेदाणा. हा बेदाणा सावलीत वाळवतात म्हणून हिरवट राहतो. पण तो रंग काही जन्माचा नसतो. नवा माल बाजारात आला की जुन्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. नवा माल फेब्रुवारीनंतर सुरू होतो आणि आम्ही डिसेंबरात होतो.

"ह्या सायटीपायी यार्डात लोक हासाय लागल्यात," रज्जाकभाई म्हणाले. "परवा एकानं इचारलं, काय बागवान, डाळिंबाचा भाव काय हाय? नवा माल यायच्या आत बाहेरच्या देशातनं बेदाण्याची एक तरी चौकशी आली पायजे. न्हाई आली, तर बंद करून टाका ती सायट."

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. विश्रामबागला जोग सरांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. खाली टायपिंग आणि बेसिकच्या बॅचेस चालायच्या, वर माळ्यावर "वेब विभाग". वेब विभाग म्हणजे मी. एक मी, एक मॉनिटर आणि एक टेबलफॅन. रज्जाकभाई आमचे पहिले मोठे क्लायंट. यार्डातले आणखी चार-पाच व्यापारी त्यांचं काय होतंय ते बघून ठरवणार होते. ही साइट बंद झाली असती तर माळाही बंद, आणि मी खाली टायपिंगच्या बॅचवर. उंब्रजला घरी आलेला सरकारी नोकरीचा कॉल सोडून मी ह्या कामाला लागले होते. वडिलांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. टायपिंग शिकवायला मी तो कॉल सोडला नव्हता.

जोग सरांचं निदान तयार होतं. "कांबळे, पानावर बेदाणा हा शब्द कमी वेळा आलाय. शंभर वेळा टाक."

सर उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत होते. मी म्हटलं, "सर, आधी लॉग बघते."

लॉग म्हणजे साइटचा हजेरीपट. साइट ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते, तिथं कोण आलं, कुठून आलं, काय बघून गेलं, याची नोंद आपोआप होत असते. माणूस सर्च इंजिनातून आला असेल, तर त्यानं तिथं कोणता शब्द टाइप केला होता, तेही तेव्हा त्यात दिसायचं. ह्या शब्दालाच कीवर्ड म्हणतात. आज ह्या कामाला मोठमोठी नावं आहेत आणि त्याचे कोर्स आहेत. तेव्हा माझ्याकडे एक लॉग आणि एक दोनशे पानी वही होती.

आमचा कॉम्प्युटर अमेरिकेतल्या सर्व्हरला जोडायचा तर आधी पुण्याला एसटीडी लावावी लागे. पहाटे दर कमी असायचा, म्हणून मी पाच वाजता सायकलनं सेंटरला यायची. मोडेम किंचाळायचा, लाइन दोनदा तुटायची, तिसऱ्यांदा लागायची. त्या दिवशी लॉग उतरवून घेतला आणि चहा न पिता वाचायला बसले.

घोटाळा पहिल्या पानावरच होता. "बेदाणा" टाइप करून आलेले बहुतेक सगळे बांगलादेश आणि कलकत्त्याकडचे. खाली एका बॅचला बंगाली बँक अधिकाऱ्याची बायको होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "बेदाना? आमच्याकडे डाळिंबाला म्हणतात." आणि "मनुका" टाइप करून आलेले सगळे न्यूझीलंडचे. तिथं त्या नावाचं एक झुडूप आहे आणि त्याच्या मधाला मोठी मागणी आहे. आम्ही मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, "सांगलीचा सर्वोत्तम बेदाणा आणि मनुका." म्हणजे आम्ही जगाला ओरडून सांगत होतो, या, आमच्याकडे डाळिंबं आणि मध मिळेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मजकूर कुणी लिहिला होता? मीच. सांगलीत राहून बेदाण्याला बेदाणा सोडून दुसरं काही म्हणतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सरांनी सांगितल्याप्रमाणे शंभर वेळा टाकला असता तर बांगलादेशातून शंभर चौकशा आल्या असत्या.

मग प्रश्न असा की बाहेरचा माणूस काय टाइप करतो? शाळेतल्या डिक्शनरीत "रेझिन" होतं. ते टाकून बघितलं तर हजारो पानं आली. वरची सगळी अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांची. त्या गर्दीत आमचं पान कुठं तरी शेवटच्या बाकावर बसलं असतं.

त्या आठवड्यात मी पाचगणीला गेले होते. माझी मैत्रीण तिथल्या एका बोर्डिंग शाळेत मेट्रन होती. नाताळच्या सुट्टीआधी पोरांसाठी केकचा घाणा चालला होता. स्वयंपाकघरात म्हातारा आचारी परातीत बेदाणे पिठात घोळवत होता. मी सवयीनं एक उचलून तोंडात टाकला आणि म्हटलं, "मामा, बेदाणा चांगला आहे."

"बेदाणा न्हवं, बाई," तो ठसक्यात म्हणाला. "ह्यो सुलताना. रेझिन येगळं, सुलताना येगळी. जुन्या इंग्रज बाईनं शिकवलंय मला. केकला सुलतानाच लागती."

त्यानं फळीवरचं केकचं जुनं पुस्तक काढून दाखवलं. तेलकट पान, बोटांचे ठसे आणि प्रत्येक पाककृतीत तोच शब्द. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तो शब्द त्यानं बोटानं बरोबर दाखवला. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

परत आल्यावर पहाटेचा उद्योग सुरू केला. एका सर्च इंजिनाचं एक पान होतं, त्यावर लोक त्या क्षणाला काय शोधताहेत ते शब्द सरकत जायचे. तासन् तास बघावं तेव्हा एखादा कामाचा शब्द निघायचा. वहीत उतरवत गेले. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे आपल्यासारख्या बिनबियांच्या द्राक्षांच्या बेदाण्याला सुलतानाच म्हणतात, ही खात्री झाली. पण नुसत्या "सुलताना"वरही ऑस्ट्रेलियाचे बागायतदार ठाण मांडून होते. मग एका पहाटे त्या सरकत्या शब्दांत दोन शब्द जोडीनं दिसले, "ग्रीन सुलतानाज". तेच टाकून बघितले. बोटांवर मोजण्याइतकी पानं आली. त्यातलं एक घोड्याबद्दल होतं.

मी खुर्चीवरून उठून माळ्यावर एक फेरी मारली. लोक विचारत होते आणि उत्तर द्यायला दुकानच नव्हतं. ह्या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही. मोठ्या शब्दासाठी मोठ्यांशी भांडत बसू नये. ज्या लहान बोळात आपलंच एक दुकान असेल, तो बोळ शोधावा.

मग लिहायचं काय ते ठरवलं. शेडवर जाऊन दोन दिवस बसले. गिऱ्हाईक काय काय विचारतं, असं निवडणाऱ्या बायकांना विचारलं. रंग हिरवा कशानं राहतो? धुवायचा का? किती दिवस टिकतो? देठ का राहतात? प्रत्येक प्रश्नाचं एक पान, प्रत्येक पानाला त्याच्या नावात तोच शब्द. सहा पानांचा आराखडा कॅलेंडरच्या मागच्या बाजूला काढला आणि मोठ्या ऐटीत रज्जाकभाईंच्या गाळ्यावर गेले.

गाळ्यात दोन दलाल बसले होते. मी कॅलेंडर पसरलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं, "रज्जाकभाई, सगळ्या पानांवर मोठ्या अक्षरात सुलताना लिहायचं. साइटवर, खोक्यावर, सगळीकडे. सुलताना विकायची आहे, एवढंच लक्षात ठेवा."

दलाल एकदम रस्त्याकडे बघायला लागले. रज्जाकभाई उठले, चपला पायात सरकवल्या आणि चहासुद्धा न सांगता निघून गेले. मला ओ की ठो कळेना. हमालांपैकी एकजण जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, मालकांच्या अम्माचं नाव हाय ते."

मी जीभ चावली. पण चावलेल्या जिभेतून निघून गेलेला शब्द परत येत नाही.

संध्याकाळी ते सेंटरला आले. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "मॅडम, तुमी शिकलेल्या हाय. मला सांगा, तुमच्या आईचं नाव तुमी खोक्यावर छापशीला? उद्या यार्डात पोरं वरडतील, सुलताना काय भाव? सुलताना नरम हाय का? आमी घरात बी त्येंचं नाव घेत न्हाई कवा. दुसरा शबूद काढा."

मी म्हटलं, "दुसरा शब्द नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

ते गेल्यावर जोग सर म्हणाले, "कांबळे, किती भोळी गं तू. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात टाक. माणसाला दिसत नाही, मशीनला दिसतं. त्यांना कळणारसुद्धा नाही."

ही युक्ती तेव्हा सर्रास चालायची. पुढे सर्च इंजिनं ती पकडायला लागली, पण तेव्हा चालायची. मी सरांना नाही म्हणायला हवं होतं, आणि म्हटलंही. एकदा. मग जानेवारी लागला. सरांनी खालच्या बॅचचं नवं टाइमटेबल लावलं, त्यात टायपिंगसमोर माझं नाव पेन्सिलनं लिहिलेलं होतं. ते बघून मी वर गेले आणि सहाही पानं तयार केली. दिसणाऱ्या मजकुरात साधं "ग्रीन रेझिन". खाली, पांढऱ्यावर पांढरं, "ग्रीन सुलतानाज". पानं चढवली आणि सर्च इंजिनांना पत्ता कळवला. मला लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा पेन्सिलीची भीती मोठी होती, हे कबूल करते.

चार आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, इंग्लंडहून ईमेल आली. तिथल्या बेकऱ्यांना सुका मेवा पुरवणारा माणूस होता. हिरवा बेदाणा आहे का, किती आहे, नमुना पाठवाल का, सगळं नेमकं आणि कामाचं. ह्या एका कागदासाठी मी दोन महिने पहाटे उठत होते. पण पहिल्या ओळीवर माझी नजर अडकली. सर्च इंजिन निकालात पानाचा थोडा मजकूर दाखवतं. त्यात त्याला आमचे लपवलेले शब्द दिसले असणार, पण पान उघडल्यावर मालाला सगळीकडे रेझिनच म्हटलेलं, म्हणून सुलताना हे तो मालकिणीचं नाव समजला असणार. त्यानं लिहिलं होतं, "डिअर सुलताना."

ओळ खोडून प्रिंट काढता आली असती. सर तेच म्हणाले. ह्या वेळी मी सरांना दोनदा नाही म्हटलं.

रज्जाकभाईंनी गाळ्यावर उभ्यानंच कागद वाचला. इंग्रजी त्यांना व्यापारापुरतं येत होतं. वाचताना आधी चेहरा उजळला, मग परत पहिल्या ओळीवर आले.

"ह्येला कसं कळलं?"

मी सांगितलं. पांढरी अक्षरं, मशीन, चार आठवडे, सगळं. सरांचं नाव घेतलं नाही, कारण बोटं माझी होती.

"म्हंजे मी नगं म्हटल्यावर बी लिवलंसा."

"हो."

"चोरून."

"हो."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाले, "मला सांगू नका. चला, त्येंच्यापुढं सांगा."

खणभागातल्या त्यांच्या घरी जाईपर्यंत मी मनातल्या मनात माळा रिकामा केला होता. टेबलफॅन मात्र माझा होता, तो घेऊन जायचा हेही ठरवलं होतं.

अम्मा सत्तरीच्या. दिवाणावर मांडी घालून बसल्या होत्या, पुढ्यात स्टीलच्या तीन ताटल्या आणि प्रत्येकीत वेगळा बेदाणा. कोणता माल कोणत्या प्रतीचा हे घरात शेवटचं त्या ठरवायच्या. यार्डाला हे माहीत होतं, पण यार्डात कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. मी चपला काढून आत गेले, खाली बसले आणि सगळं सांगितलं. पाचगणीच्या आचाऱ्यापासून पांढऱ्या अक्षरांपर्यंत. रज्जाकभाई दारात उभे होते, माझ्याकडे न बघता.

अम्मांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला, उलटा धरला, मग माझ्याकडे दिला. "कुठं हाय माजं नाव?"

मी बोट ठेवलं.

"काय म्हनतोय त्यो?"

"डिअर म्हणजे... प्रिय. प्रिय सुलताना."

दारात रज्जाकभाईंना खोकला आला. अम्मा तोंडाला पदर लावून हसल्या, अगदी हलून हलून हसल्या. "आवं, त्येच्या अब्बानं बी कवा म्हटलं न्हाई आसं!"

मग हसू थांबलं. एका ताटलीतला बेदाणा उचलून त्यांनी उजेडात धरला. "तिकडं ह्येला सुलताना म्हन्त्यात? खरंच? बनवून तर सांगत न्हाईस?"

"खरंच. त्यांच्या पुस्तकात छापलंय."

"आनि दुकानात जाऊन मागत्यात, सुलताना द्या म्हनून?"

"हो, अम्मा."

त्यांनी तो दाणा परत ताटलीत ठेवला. मग मुलाला म्हणाल्या, "रज्जाक, गाळ्यावर पाटी कुनाची? तुज्या अब्बाची. बिलावर नाव तुजं. मी पन्नास वर्सं हिथं बसून माल लावत्ये. माजं नाव कुटं लिवलंय का रं? रेशनकार्डावर हाय, त्ये बी चुकलंय."

"अम्मा, बाजारात लोक..."

"लोक काय भाव इचारतील. इचारू द्यात. हलका भाव सांगू नगंस म्हंजे झालं."

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि हसू पार गेलं. "आनि तू गं? पांढऱ्यावर पांढरं लिवलंस? कुनाला दिसू नये म्हनून? माजं नाव काय चोरीचा माल हाय व्हय?"

मी नोकरी गेली तर काय, ह्याचाच विचार करत होते आणि ही बाई तिच्या नावाचा जाब विचारत होती. डोळे भरून आले. मी मान खाली घालून म्हटलं, "चुकलं, अम्मा."

"चुकलं तर नीट कर. काळ्या शाईनं लिव. ठळक." मग कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "आनि ह्येला जबाब लिव. माल हाय म्हनावं, पर गेल्या हंगामाचा हाय. रंग थोडा उतरलाय, ग्वाडी न्हाई उतरली. नमुना बघ आनि मग बोल. खोटं काय लिवू नगंस. खाली नाव माजं हाय."

तो जबाब मी तिथंच, दिवाणाच्या कडेला बसून, इंग्रजीत लिहिला. अम्मांनी तो मराठीत परत वाचून घेतला आणि "थोडा उतरलाय" हे मी गाळलं नाही ना, ते दोनदा विचारलं. रज्जाकभाईंनी चहा सांगितला. माझ्याशी ते त्यानंतरही महिनाभर तुटकच बोलायचे, आणि ते बरोबरच होतं.

नमुना गेला. इंग्लंडच्या माणसानं उलट कळवलं की जुना माल आहे हे आधी सांगणारा विक्रेता त्याला पहिल्यांदा भेटला. त्यानं थोडाच माल उचलला आणि नव्या हंगामाचा बराच सांगून ठेवला. गोदामातला बाकीचा जुना माल रज्जाकभाईंनी इथंच खपवला. वेबसाइटनं सगळं गोदाम रिकामं केलं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. पण "ग्रीन सुलतानाज" टाइप केलं की पुढची दोन वर्षं आमचं पान सगळ्यात वर यायचं. उन्हाळ्याआधी यार्डातले तीन व्यापारी माळ्यावर आले, आणि टाइमटेबलवरचं पेन्सिलीतलं नाव जोग सरांनी स्वतः खोडलं. "आयडिया माझीच होती," असं ते अजून सांगतात. सांगू देत.

ह्या धंद्यात मला आता पंचवीसेक वर्षं झाली. नवी मुलं येतात आणि विचारतात, मॅडम, कीवर्ड शोधायचं बेस्ट टूल कोणतं? मी टूल सांगते, चांगली टूल्स आहेत. गिऱ्हाईक कोणता शब्द टाइप करतं ते टूल बरोबर सांगतं. तो शब्द क्लायंटच्या घरात कुणाचा आहे, ते सांगत नाही. त्यासाठी चपला काढून आत जावं लागतं, आणि ते आधी जावं, पकडलं गेल्यावर नाही.

नव्या हंगामाची खोकी छापून आली तेव्हा रज्जाकभाईंनी पहिलं खोकं घरी नेलं. त्यावर हिरव्या रंगात मोठ्या अक्षरात एकच शब्द होता. इंग्रजी होता, म्हणून अम्मांनी शेजारच्या शाळकरी मुलीकडून तो तीनदा वाचून घेतला. मग म्हणाल्या, "आता रेशनकार्डवाल्याला ह्येच दाकवा. म्हनावं, आसं लिवायचं आस्तं."